मुलांच्या ‘घरगुती द्रवांचे प्रयोग’ किटबद्दल: सामान चोख, पुस्तिका कच्ची

सुट्टी लागली की नाशिकच्या मेन रोडवर आणि रविवार कारंजाच्या आसपास खेळण्यांच्या दुकानांत ‘घरगुती द्रवांचे प्रयोग’ अशा धर्तीची किटं दर्शनी भागात लागतात. खोकं तेच, आतलं सामानही बहुतेक तेच, फक्त वरचं नाव दुकानागणिक वेगळं. त्यामुळे नाव लिहून उपयोग नाही. वयोगट ८ ते १२ लिहिलेलं, साडेसहाशेच्या आसपास किमतीचं, झाकणवाल्या परीक्षानळ्या आणि एक मोजपात्र असलेलं खोकं दिसलं, तर मी लिहितेय ते त्याच्याबद्दल.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. द्रावणं करणं, काचसामान धुणं, तासाआधी सगळं मांडून ठेवणं आणि तासानंतर काय फुटलं ते मोजणं यात माझी नोकरी गेली. त्यामुळे असलं खोकं हातात आलं की आधी चित्रं नाही, सामान बघितलं जातं. प्रयोग केले ते नातीने, ईश्वरीने, आणि शेजारच्या सोहमने. ती सहावीत आहे, तो चौथीत.

सामान खरंच चांगलं आहे. परीक्षानळ्या प्लास्टिकच्या, पण जाड आणि स्वच्छ पारदर्शक. आतला रंग काचेइतका नितळ दिसतो. स्टँडला तळाशी रबराचे ठिपके लावलेत, ओल्या ओट्यावरही तो सरकत नाही. मोजपात्र ५० मिलिलिटरचं. त्यावरच्या खुणांवर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नाही, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. रिकामं मोजपात्र ठेवून काटा शून्यावर आणला आणि ५० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं. काट्याने ५० ग्रॅम दाखवले. २० ला २०, ३० ला ३०. या किमतीत एवढा नेमकेपणा मिळतो याचं मला फार बरं वाटलं, कारण मोजणं बरोबर नसेल तर पुढचा सगळा प्रयोग नुसती रंगांची मौज होऊन बसतो. एकच उणीव: रेघा छापलेल्या आहेत, उठावाच्या नाहीत. काथ्याने घासल्या तर जातील. बोटाने आणि साबणाच्या पाण्यानेच धुवा.

ड्रॉपरही सरळ थेंब टाकतो. मुलांना एक मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात ते मोजायला लावा. पाण्याचे साधारण वीस येतात, तेलाचे वेगळे येतात. का, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

किटातले द्रव आणि पावडरी मात्र पैसे वाया घालवणाऱ्या. ग्लिसरीनची बाटली करंगळीएवढी, एका प्रयोगात संपली. औषधाच्या दुकानात मोठी बाटली सहज मिळते. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व पुडीत घालून दिलंय, जे प्रत्येक वाण्याकडे असतं. लाल कोबीची पावडर तर आमच्या खोक्यात पार विटलेली निघाली. पाण्यात घातली तर जांभळा रंग यायच्या ऐवजी मातकट पाणी झालं.

आता पुस्तिका. इथे मला जास्त लिहायचंय, कारण मूल विज्ञान शिकतं ते नळीतून नाही, नळीकडे बघून काय विचार करायचा ते कोणी सुचवतं त्यातून. पुस्तिकेची ठरलेली पद्धत अशी: वर ‘काय होईल’, खाली ‘का होतं’, आणि सगळ्यात शेवटी ‘कसं करायचं’. म्हणजे उत्तर आधी आणि प्रयोग नंतर. ईश्वरीने पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, “आजी, कळलं मला, करायला कशाला पाहिजे?” तिचं काय चुकलं? मी पुस्तिकेचा वरचा अर्धा भाग स्टेपल करून बंद केला आणि मग कामाला लागलो.

पहिला प्रयोग द्रवांच्या थरांचा. मध, ग्लिसरीन, रंगीत पाणी आणि तेल एकावर एक हळूच ओतायचं. दिसायला सुंदर होतो. पुस्तिका म्हणते, ‘जड द्रव खाली बसतो, हलका वर तरंगतो.’ सोहमने लगेच विचारलं, “मग तेलाचा पाच किलोचा डबा आणि पाण्याचा एक ग्लास, यात जड काय?” इतका योग्य प्रश्न आहे हा! पुस्तिकेत त्याला उत्तर नाही, पण किटातल्या मोजपात्रात आहे. प्रत्येक द्रव मोजून ५० मिलिलिटर घेतला आणि काट्यावर ठेवला. पाणी ५०, शेंगदाण्याचं तेल ४६ च्या आत, ग्लिसरीन ६३, मध सत्तरीच्या घरात. दूध पाण्यापेक्षा किंचित जास्त, ५१ आणि ५२ च्या मध्ये. वहीत हे आकडे उतरत्या क्रमाने लिहिले आणि शेजारी थरांचं चित्र काढलं. दोन्ही जुळतात हे दोघांनी स्वतः पाहिलं. ‘सारख्याच मापात कोण जास्त भरतं’ हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, तेव्हा ‘घनता’ हा शब्द मी दिला. आधी दिला असता तर पाठ झाला असता, एवढंच.

मध महाग पडतो, त्याच्या जागी काकवी वापरा. तीही तळालाच बसते आणि गडद रंगामुळे थर उठून दिसतो.

याच प्रयोगाला आम्ही नाशिकची जोड दिली. द्राक्षाचा मणी साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. त्याच पाण्यात साखर विरघळवत गेलं की एका टप्प्यावर तो वर येतो. गोड मणी आणि आंबट मणी एकाच वेळी वर येत नाहीत, कारण पिकत जाणाऱ्या मण्यात साखर वाढते आणि रसाची घनताही वाढते. ईश्वरीच्या आजोळी दिंडोरीकडे बाग आहे. तिचा मामा तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवून ब्रिक्स, म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, बघतो, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. ते यंत्र प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगतं आणि आपला मणी घनतेवरून. रस्ते दोन, पण मोजायची गोष्ट एकच. हे लक्षात आल्यावर तिने मामाला फोन लावला आणि सुपरवायझर असल्यासारखी त्याची उलटतपासणी घेतली.

आता ज्या पानाबद्दल माझी खरी तक्रार आहे ते पान. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. पुस्तिकेचं स्पष्टीकरण: ‘मेणबत्तीने ग्लासातला ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून पाणी पाचव्या हिश्शाएवढं चढतं.’ हे चूक आहे. फार जुनी चूक आहे, ठिकठिकाणी छापली जाते, आणि ऐकायला इतकी पटण्यासारखी आहे की कोणी तपासत नाही. पण मुलांसाठी केलेल्या वस्तूत ती असणं मला खटकतं, कारण नुसतं नीट बघितलं तरी ती पकडता येते.

मी दोघांना फक्त एवढंच सांगितलं: पाणी नेमकं कधी चढतं ते बघा. सोहम गुडघे टेकून ओट्याच्या पातळीवर डोळे आणून बसला. ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडले, ते त्याला दिसले. ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं. ज्योत मिणमिणली, विझली, धुराची रेघ वर गेली, आणि मग पाणी सरसर चढलं. ऑक्सिजन वापरल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते जळताना हळूहळू चढायला हवं. विझल्यानंतर का चढावं?

मग एकाच्या जागी तीन मेणबत्त्या लावल्या, ग्लास तोच. पाणी कितीतरी जास्त वर गेलं. ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झाला नव्हता! शेवटी मेणबत्तीच काढून टाकली. जाड काचेचा ग्लास कढत पाण्यात (उकळत्या नाही, तडा जातो) थोडा वेळ बुडवून ठेवला, झटकून लगेच ताटलीत उपडा घातला. थंड होता होता त्यातही पाणी थोडं चढलं. आता काहीच जळलेलं नव्हतं.

ज्योतीने आतली हवा तापते, फुगते, आणि काही हवा काठाखालून निसटते. तेच ते बुडबुडे. ज्योत गेली की उरलेली हवा निवते, आकसते, आत तयार झालेली वाफही काचेवर पाण्याचे थेंब होऊन बसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासातला बराच ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. ‘पाचवा हिस्सा’ हा आकडा जुळला तर तो योगायोग.

छापलेलं चूक असू शकतं, आणि ते आपण ओट्यावर बसून सिद्ध करू शकतो, हे दोन मुलांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं. त्या अर्थाने खोक्याचे पैसे वसूल झाले. पण बनवणाऱ्यांनी ते पान बदलायलाच हवं, कारण प्रत्येक घरात तीन मेणबत्त्या लावून बघणारं कोणी असेलच असं नाही.

दुधावरच्या रंगांचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो. ताटलीत दूध, त्यावर खाण्याच्या रंगाचे थेंब, मध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, की रंग धावत सुटतात. पुस्तिकेत याला ‘जादू’ म्हटलंय आणि पुढे दोन ओळी. जादू म्हटलं की प्रश्न संपतो, म्हणून मला तो शब्द आवडला नाही. साबण पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण, कमी करतो आणि दुधातल्या स्निग्धांशाला जाऊन चिकटतो, त्या धावपळीत रंग ओढले जातात. हे पडताळायचं तर दोन दुधं घ्या. पिशवीवर स्निग्धांश छापलेलाच असतो, फुल क्रीमला ६ टक्के, डबल टोन्डला १.५ टक्का. दोन्ही सारख्या ताटल्यांत, सारख्या मापाने, फ्रीजबाहेर काढून सारखाच वेळ ठेवलेली. आमच्याकडे फुल क्रीममधले रंग बराच वेळ घुसळत राहिले, डबल टोन्डमधले लवकर थांबले. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, ही सवय या प्रयोगाने फार छान लागते.

आणि इथे मला आग्नेस पोकेल्सबद्दल सांगावंसं वाटतं, कारण पुस्तिकेने नाही सांगितलं. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आईवडिलांचं घर सांभाळणारी ही बाई. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. भांडी धुताना पाण्यावर तेलकटपणा आला की पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिच्या लक्षात आलं. तिने पत्र्याचा एक उथळ ट्रे केला, पाण्यावर टेकवलेलं बटण वर ओढायला किती वजन लागतं त्यावरून पृष्ठताण मोजला, आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. हे सगळं मोरीतल्या पाण्यावर! ईश्वरीला मी हे भांडी विसळतानाच सांगितलं. त्या दिवसापासून ताटं विसळायचं काम तिने आपल्याकडे घेतलंय. बघू किती टिकतं.

दर्शकांच्या, म्हणजे आम्ल की अल्कली ते रंग बदलून सांगणाऱ्या पदार्थांच्या, प्रयोगासाठी विटलेली कोबीची पावडर टाकून द्या आणि काळी द्राक्षं आणा. सालीतच रंग असतो. सालं ठेचून गरम पाण्यात भिजवायची, गाळायचं, आणि तो अर्क परीक्षानळ्यांत वाटून घ्यायचा. लिंबू पिळलं की लालसर गुलाबी, खाण्याचा सोडा घातला की निळसर हिरवट. हंगाम नसेल तर जास्वंदीच्या पाकळ्या चालतात. हळद तर बारमाही आहे: साबणाच्या पाण्यात ती लाल होते, म्हणूनच जेवताना सांडलेल्या वरणाचा डाग धुताना अचानक रंग बदलतो. कुंकूही हळद आणि चुन्यापासूनच करत आले. सोहमने घरातलं सगळं तपासायला आणलं. ताक, चिंचेचा कोळ, शाम्पू, तुरटीचं पाणी. तुरटी आम्लधर्मी निघाली याचं त्याला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

सुरक्षेबद्दल पुस्तिकेत ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ एवढी एक ओळ आहे. ती पुरत नाही. उलट एका चित्रात सोडा आणि लिंबूसत्व घातलेली नळी झाकण लावून हलवताना दाखवलीय. असं अजिबात करू देऊ नका! आत वायू तयार होतो, झाकण घट्ट आहे, ते डोळ्याच्या रोखाने उडेल. नळी उघडीच ठेवा, किंवा तोंडावर फुगा बसवा; तो फुगताना बघणं जास्त गमतीचं आहे. चुन्याच्या निवळीत, म्हणजे चुन्यावरच्या नितळ पाण्यात, फुंकर घालायच्या प्रयोगाला पानाचा चुना लागतो. चुन्याची ट्यूब मुलाच्या हातात देऊ नका. ती दाबली की चुना उडून डोळ्यात जातो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. निवळी रात्री मोठ्यांनी करून ठेवावी, सकाळी वरचं नितळ पाणी मुलांना द्यावं. स्ट्रॉने फुंकर घालताना ते तोंडात ओढायचं नाही हेही बजावा. आणि संडास साफ करायचं लिक्विड व ब्लीच या दोन बाटल्या मुलांच्या प्रयोगाच्या जागेपासून लांब ठेवा. त्या एकत्र झाल्या तर क्लोरीन वायू सुटतो.

पुस्तिकेत नसलेला, पण या मोजपात्रावर उत्तम होणारा एक प्रयोग सांगते. नळाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी सारख्या मापाने दोन सारख्या बाटल्यांत घ्या. आंघोळीच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून त्याचे मोजून दहा दहा थेंब दोन्हीत टाका. डिटर्जंट किंवा भांड्यांचं लिक्विड चालणार नाही, त्यांचा फेस क्षाराच्या पाण्यातही होतो. सारखंच हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. आमच्याकडे गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्याला भरघोस फेस आला; बोअरच्या पाण्यात पांढरट साका तरंगला आणि फेस नावालाच. बोअरचं पाणी उकळून, निववून, गाळून परत केलं तर फेस थोडा वाढला, कारण उकळताना काही क्षार खाली बसतात. मग ईश्वरीने गिझरचा कॉइल का बदलावा लागतो ते आपल्या वडिलांना समजावून सांगितलं.

घ्यावं का? काटा घरात असेल आणि मुलांबरोबर बसायला तुमच्याकडे वेळ असेल, तर घ्या. मोजपात्र, नळ्या, स्टँड आणि ड्रॉपर वर्षानुवर्षं टिकतील असे आहेत. मुलाला एकट्याने खेळायला द्यायचं म्हणून घेत असाल, विशेषतः दहाच्या आतल्या मुलाला, तर घेऊ नका. घेताना दुकानातच मोजपात्राला तडा आहे का ते उजेडात धरून बघा. आम्हाला पहिल्यांदा तडकलेलं मिळालं होतं, दुकानदाराने काहीही न बोलता बदलून दिलं.

मेणबत्तीचं पान मात्र फाडून टाकू नका. मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवा, आणि तीन मेणबत्त्या जवळ ठेवा.